रजिस्टर सापडलं, मग समुद्र

परदेशात गाडी चालवायची असेल तर विमानाचं तिकीट नंतर काढा. आधी सारथीच्या, म्हणजे सरकारच्या लायसनच्या साइटवर आपला लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून बघा. माहिती दिसली तर पुढचं वाचायची गरज नाही, तुमचं काम होतंय.

माझी दिसली नाही. आणि तिकीट काढून झालं होतं.

बेत ओमानचा होता. एकटीनं, भाड्याच्या व्हॅनमधून, मस्कतहून सूरमार्गे अल अश्खरापर्यंत. रात्री किनाऱ्यावर मुक्काम, सकाळी सर्फिंग. जुलैत वाळवंटात कोण मरायला जातं, असं रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींनी विचारून घेतलं. पण जो नैऋत्येचा वारा आपल्याकडं राधानगरी भरतो, तोच ओमानच्या त्या किनाऱ्यावर लाटा उठवतो. मी सर्फिंग शिकले कर्नाटकात मुल्कीला, आणि पावसाळ्यात तिथला समुद्र माझ्यासारखीला जवळ करत नाही.

राहिलं होतं फक्त आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. फॉर्म 4ए, हजार रुपये फी, वर्षभराची मुदत. पण माझं लायसन 2005 चं, पहिल्या नोकरीच्या गावी काढलेलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथला चहा चांगला होता. कागदी पुस्तिका, फोटोवर अर्धा शिक्का, नंबरात तिरकी रेघ. ते कॉम्प्युटरवर कधी चढलंच नव्हतं. आता त्याची ‘बॅकलॉग एन्ट्री’ करायची, आणि ती ज्या आरटीओ ऑफिसनं लायसन दिलं तिथंच.

पहिल्या फेरीत खिडकीतल्या साहेबांनी पुस्तिका उलटीसुलटी करून बघितली. “मॅडम, रजिस्टर रेकॉर्डला असेल.” रेकॉर्डरूमची किल्ली ज्यांच्याकडं, ते ट्रेनिंगला गेलेले. कधी येणार? “सोमवारी बघा.” बाहेर एक एजंट उभा होताच. दोन हजार द्या, परवा घेऊन जा म्हणाला. दिले नाहीत. तत्त्व म्हणा नाहीतर चिकटपणा म्हणा, निम्मं निम्मं होतं.

सोमवारी किल्ली होती, रजिस्टर होतं, माझं पान नव्हतं. तासभर बाकावर बसून राहिले तेव्हा कळलं, त्या वर्षाची दोन रजिस्टरं. दुसरं कपाटाच्या वर, पाण्याच्या रिकाम्या कॅनखाली. साहेबांनी स्पंजला बोट लावून पानं उलटली आणि थांबले. माझं नाव, माझी सही, निळी शाई. फक्त जन्मसालाचा शेवटचा आकडा 3 आहे का 8, ते कुणाला सांगता येईना. मी म्हटलं, 3. ते म्हणाले, तुम्ही म्हणून कसं चालेल, दाखला आणा.

पुस्तिकेवर छापल्यासारखा स्पष्ट 3 होता. पण रजिस्टर खरं, पुस्तिका नाही.

घरी आले तोवर पाऊस लागलेला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका, हे कोल्हापुरात पोरांनाही पाठ असतं. 2019 आणि 2021 ला शिरोलीत हायवेवर पाणी येऊन वाट बंद झाली होती, आणि माझं लायसन दिलेलं ऑफिस त्या पाण्याच्या पलीकडं. मी रोज सकाळी चहाच्या आधी पातळी बघायची. ज्या वाऱ्यासाठी निघाले, तोच पाऊस आणून आडवा येतोय की काय असं झालं होतं.

तिसऱ्या फेरीत शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेले. वीस मिनिटांत एन्ट्री झाली. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, “बघा, आलात तुम्ही.” राग गेला नव्हता, तरी हसू आलं.

पुढं कोल्हापुरात पत्ताबदल आणि परमिट, दोन्ही सुरळीत.

ओमानमध्ये गाडी उजवीकडून चालते. पहिल्या दिवशी प्रत्येक गोल चौकात मी मोठ्यानं “उजवीकडं, उजवीकडं” म्हणत होते. व्हॅन फोर-व्हील नसेल तर डांबर सोडू नका. किनाऱ्यालगतची सबखा, म्हणजे खारट सपाट जमीन, वरून टणक दिसते आणि चाक आत घेते. मस्कतला अंग भाजून निघालं. अल अश्खराला मात्र सकाळी धुकं, आणि पाणी इतकं गार की पहिल्या लाटेला मी ओरडलेच. त्या वाऱ्यानं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. वेटसूट न्या, जुलै असला तरी. तंबूला खुंट्या जास्तीच्या न्या, वारा रात्री झोपू देत नाही. मी दुसऱ्या रात्रीपासून व्हॅनमध्येच झोपले.

परमिटबरोबर मूळ लायसनही जवळ ठेवा. आणि दाखला मूळच न्या. झेरॉक्सपायी माझी चौथी फेरी पडता पडता राहिली.