गाडी बाहेर लावली होती का?

मागच्या महिन्यात रात्री पावणेदोनला इंटरकॉम वाजला. वॉचमन मामा. म्हणाले, "सर खाली या, पण लगेच नका येऊ." झोपेत मला या वाक्याचा अर्थच लागेना. नंतर कळलं की पोरं अजून गल्लीच्या कोपऱ्यावरच होती, आणि मामांना सांगायचं होतं की बातमी द्यायचं माझं काम झालं, पण तुम्ही आत्ता उतरून मरू नका.

दहा मिनिटांनी उतरलो तेव्हा अर्धी गल्ली जागी होती. अकरा गाड्या. चार फोरव्हीलर, तीन रिक्षा, एक टेम्पो, तीन बाईक. माझी वॅगनार रांगेत तिसरी. मागची काच पूर्ण गेलेली, डाव्या दाराची गेलेली, बॉनेटवर कोयत्याचे दोन वार, एक वायपर वाकडा. गाडीची काच फुटते ती घरातल्या काचेसारखी नाही फुटत बरं का, भिजवलेला साबुदाणा सांडावा तसे दाणे होतात, सीटवर, सीटच्या फटीत, खाली मॅटवर, सीटबेल्टच्या खाचेत. आज पाच आठवडे झाले, परवा बायकोच्या डब्याच्या पिशवीत एक दाणा सापडला. तो तिथे कसा गेला देव जाणे.

पुण्यात राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही. बिबवेवाडी, येरवडा, हडपसर, दर थोड्या दिवसांनी बातमी असतेच, की अमुक ठिकाणी टोळक्याने कोयते नाचवले, दहशत माजवण्यासाठी वाहनांची तोडफोड, आणि मग आठवड्याने त्याच पोरांची त्याच गल्लीतून पोलिसांनी काढलेली धिंड. मध्यंतरी कोयता विकत घ्यायला आधार कार्ड मागायला लागले होते दुकानदार. आपण बातमी वाचतो, च्यायला म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो. आपली गाडी त्यात नसते तोवर ठीक.

तर सांगायचं हे की त्या रात्रीपासून पुढचे पंधरा दिवस मी ज्याला ज्याला हे सांगितलं, म्हणजे सासरे, ऑफिसातले लोक, विमा कंपनीची कस्टमर केअरवाली, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला. "गाडी बाहेर लावली होती का?" पोरं कोण होती, पकडली का, हे सगळं नंतर. आणि हो म्हटलं की समोरचा "हं" करतो. त्या "हं" मध्ये निकाल लागलेला असतो.

बाहेर का लावली तर आमच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आणि चौदा पार्किंग. दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात आणि यंदा माझी चिठ्ठी निघाली नाही. एवढीच गोष्ट. हौस म्हणून कोणी रस्त्यावर गाडी लावत नाही हो.

आता पोलिसांचं. खरं सांगायचं तर त्यांनी फार काही त्रास दिला नाही, पहाटे पंचनामा झाला, टेम्पोवाल्या दादांची एकच फिर्याद घेतली आणि बाकी दहा गाड्यांची यादी तिला जोडली. मला आधी वाटलं होतं की नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे ज्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत) घेऊन वाटेला लावतील, कारण जुन्या आयपीसीत ४२७ म्हणजे नुकसानीचं कलम अदखलपात्रच होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हे ३२४ कलमात आहे आणि शिक्षा नुकसानीच्या रकमेवर चढत जाते, वीस हजार ते लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख आणि पुढे असेल तर पाच वर्षांपर्यंत. पण कोयते हातात असले की नुसतं नुकसानीचं कलम लागतच नाही, आर्म्स अ‍ॅक्ट येतो, धाकदपटशासाठीचं क्रिमिनल लॉ अमेंडमेंटचं कलम ७ येतं, त्यामुळे एफआयआर झाली. झाली खरी, फक्त यादीत माझ्या गाडीच्या नंबरातला ७ चा १ झाला होता. तो एक आकडा दुरुस्त करून घ्यायला मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी हवालदार साहेब म्हणाले, "गाडी बाहेर होती ना तुमची?" मी म्हटलं हो साहेब. "मग सीसीटीव्ही लावून घ्या." रस्त्यावर? मी? असो.

चार पोरं पकडली, त्यातली तीन अठराच्या आतली. पेपरात आलं त्यात त्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हटलं होतं. माझ्या बॉनेटवरचा वार बोटभर खोल आहे आणि करणारा बालक आहे. हसायचं की रडायचं.

मग मी विचार केला की बाबा, पोरं सापडली आहेत तर पैसे त्यांच्याकडून किंवा आईबापांकडून मिळायला पाहिजेत. सरळ हिशोब. माझा एक शाळेतला मित्र वकिली करतो, त्याला फोन केला. तो आधी हसला (हो, आणि आधी विचारलंच, बाहेर होती का). म्हणाला, नुकसान ज्याने केलं तो जबाबदार यात वादच नाही, पण जबाबदार असणं आणि पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोरांवर फौजदारी केस सरकार चालवणार, त्यात दंड झाला तर त्यातून भरपाई द्यायचा अधिकार कोर्टाला आहे, पण ते कधी आणि किती. बाल न्याय कायद्यात मंडळ आईबापाला दंड भरायला लावू शकतं, पण तो दंड, तुझ्या काचेचे पैसे नाहीत. पोराने केलं म्हणून बापाने आपोआप भरून द्यायचं असं आपल्याकडे नाही, त्यासाठी दिवाणी दावा टाक, बापाचा हलगर्जीपणा दाखव, आणि तेरा हजारांसाठी माझी फी दे. मी म्हटलं ठेव फोन.

पण ठेवण्याआधी त्याने एक भारी गोष्ट सांगितली. महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ मध्ये ५१ नंबरचं कलम आहे. बेकायदा जमावाने, म्हणजे पाच किंवा जास्त लोकांनी मिळून, नुकसान केलं तर तो भाग जाहीर करून तिथल्या रहिवाशांवर कर बसवून भरपाई वसूल करता येते. म्हणजे ज्या गल्लीत गाड्या फुटल्या त्या गल्लीने पैसे भरायचे. मी म्हटलं अरे त्या गल्लीत मीच राहतो. तो म्हणाला, "म्हणून तर सांगतोय." आमच्याकडे पोरं चारच होती म्हणून वाचलो म्हणायचं.

सोसायटीचा प्रश्नच नव्हता, गाडी गेटबाहेर. तरी मी सेक्रेटरी काकांना विचारलं की समजा आत असती आणि आत येऊन कोणी फोडली असती तर? ते म्हणाले तरी सोसायटी जबाबदार नाही, आपण जागा देतो, गाडी सांभाळायला घेत नाही. हे मला आधी पटलं नाही, नंतर वाचत बसलो तेव्हा थोडं कळलं. खरी मेख चावीत आहे. तुम्ही चावी दुसऱ्याच्या हातात दिली, त्याने टोकन दिलं, की गाडीचा ताबा त्याच्याकडे गेला आणि आपल्या स्वतःच्या वस्तूची घेऊ तेवढी काळजी त्याने घ्यायची, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. दिल्लीत १९९८ मध्ये एका मोठ्या हॉटेलात एकाने व्हॅले पार्किंगला (म्हणजे चावी घेऊन हॉटेलचाच माणूस गाडी लावतो) मारुती झेन दिली, हॉटेलात आलेल्या भलत्याच तीन पोरांपैकी एकाने व्हॅलेवाल्याकडची चावी उचलून गाडी पळवली. हॉटेल म्हणालं, टोकनवर मागे छापलंय ना, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. केस चालली थेट सुप्रीम कोर्टापर्यंत, नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल आला की तुमचा हलगर्जीपणा असेल तर मागे बारीक अक्षरात काहीही छापा, सुटका नाही. एकवीस वर्षं. झेनचं उत्पादन बंद होऊनसुद्धा तोवर जमाना झाला होता.

त्यामुळे मॉलच्या, हॉस्पिटलच्या पावतीमागे "वाहनाच्या नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही" असतं ना, ते वाचून लगेच गप्प बसू नका, चावी त्यांनी घेतली होती का ते आठवा. आपणच लावली, चावी आपल्याच खिशात, तर मग भांडण बरंच अवघड. आणि रस्त्यावर माझ्यासारखं लावलं तर भांडायला समोर कोणी नाहीच. चावी तर त्या रात्री माझ्याच घरात, फ्रिजवरच्या वाटीत होती.

राहता राहिला विमा. माझा फुल इन्शुरन्स आहे आणि त्यात मॅलिशियस अ‍ॅक्ट म्हणजे मुद्दाम कोणी केलेली तोडफोड कव्हर असते, दंगल आणि संपाचंही असतं. मी खूश. एक चूक मात्र केली, विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला यायच्या आधी फोटो न काढता काचा झाडून टाकल्या, का तर गल्लीत लहान पोरं अनवाणी फिरतात. त्यावरून अर्धा तास बोलणी खाल्ली. तुम्ही झाडू नका, आधी फोटो.

गॅरेजचं एस्टिमेट आलं १३,४००. मागची काच ५६००, दाराची २१००, बॉनेटचं डेंटिंग पेंटिंग ४२००, वायपर आणि मजुरी मिळून १५००. यात काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागत नाही हे मला माहीत नव्हतं, काचेचे पूर्ण मिळतात. पण पेंटच्या सामानावर निम्मा जातो, प्लास्टिक रबरवर निम्मा, आणि माझ्यासारख्या १५०० सीसीच्या आतल्या गाडीला पहिले हजार आपलेच. सगळं कापून हातात साधारण १०,८०० येत होते. वाईट नाही. मग एजंट हळूच म्हणाला, "सर, तुमचा एनसीबी पन्नास टक्के आहे, तो जाईल बरं का."

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. इथे मी कागद घेऊन बसलो. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि मग कुठे परत ५०. म्हणजे पाच वर्षं मी अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के जास्त भरणार. बेरीज केली तर १२५ टक्के, सव्वा प्रीमियम. माझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा प्रीमियम बोनस धरला नाही तर सहा हजारच्या आसपास, तेवढाच राहील असं धरलं तर ७५०० गेले. १०,८०० मिळवायचे आणि ७५०० हप्त्याहप्त्याने परत करायचे. उरले ३३००, आणि त्यासाठी नंबरातला ७ दुरुस्त करायला घातलेले तीन अर्धे दिवस. क्लेम नाही केला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने जुन्या बाजारातून काचा आणून साडेआठ हजारात गाडी उभी केली, बॉनेटचे वार नुसते भरून रंग मारलाय, उन्हात बघितलं की दिसतात.

हे सगळं मी रिक्षावाल्या काकांना सांगत होतो, एनसीबी वगैरे, बऱ्यापैकी तावातावाने. त्यांची रिक्षा माझ्या पुढेच उभी होती त्या रात्री. हूड चिरलं होतं, पुढची काच गेली होती. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आपला थर्ड पार्टी आहे." थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही झालं तर, कायद्याने सक्तीचा तेवढाच. स्वतःच्या रिक्षाचे शून्य. शिवाय चार दिवस धंदा बंद, आणि बँकेचा हप्ता काही चार दिवस थांबत नाही. मी गप्प झालो.

पण गंमत बघा, अकरा जणांत पैसे मिळाले ते फक्त काकांनाच. पकडलेल्यातल्या एका पोराचा आजोबा आमच्या चौकात हातगाडीवर केळी विकतो. तो काकांच्या स्टँडवर गेला, पंधराशे रुपये दिले आणि उरलेले दर रविवारी शंभर देतो म्हणाला. कायद्यात हे कुठेच बसत नाही. ते एकमेकांना वीस वर्षं ओळखतात, त्या पोराला बालवाडीत काकांच्याच रिक्षाने सोडलं होतं, एवढंच. काका म्हणतात, दोन रविवार दिले, नंतर मीच नको म्हटलं, केळी घेतो. आम्हा फोरव्हीलरवाल्यांकडे कोणी आलं नाही, आणि आलं असतं तर आम्ही काय बोललो असतो कोण जाणे.

सोसायटीची मिटिंग झाली मागच्या रविवारी. माझा मुद्दा होता की गेटबाहेरचा दिवा चार महिने बंद आहे, महापालिकेला पत्र द्या, आणि आपला एक कॅमेरा रस्त्याकडे वळवा. दोन्ही 'पुढील मिटिंगमध्ये चर्चेसाठी'. एक ठराव मात्र एकमताने मंजूर झाला आणि अंमलबजावणी चार दिवसांत. गेटवर पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत नवीन पाटी लागली आहे, "सोसायटीबाहेर उभ्या केलेल्या वाहनांची जबाबदारी सोसायटीची नाही." खर्च ९६०, प्रत्येक फ्लॅटमागे चाळीस रुपये. या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये लावून आलेत, मी भरले.