ड्रम रिकामा आणि इशारा ‘मांजर आत आहे’: स्वयंचलित लिटर बॉक्सचा माझा अनुभव

‘यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करा’ हे उत्तर ज्या ग्राहक सेवा केंद्राने मला पूर्ण हिवाळाभर दिले, त्याचे किंवा त्या कंपनीचे नाव मी येथे लिहिणार नाही. परंतु स्वयंचलित लिटर बॉक्सच्या, म्हणजे मांजरांच्या शौचाची पेटी स्वतःच साफ करणाऱ्या यंत्राच्या, खोट्या इशाऱ्यांनी बेजार झालेल्या आणखी कोणाला त्याच एका उत्तरावर दिवस काढावे लागू नयेत, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घरी ठमी आणि गब्बू अशी दोन मांजरे आहेत. नाशिकला इंदिरानगरमधील आमच्या फ्लॅटमध्ये लिटर बॉक्स ठेवण्यासारखी जागा म्हणजे हॉलला लागून असलेली पश्चिमेकडची गॅलरी, कारण तेथे वास कोंडत नाही आणि सांडलेले लिटर (पेटीत भरायचे वाळूसारखे दाणे) झाडून घेता येते. यंत्र फिरत्या ड्रमचे आहे. मांजर बाहेर पडल्यावर काही मिनिटांनी ड्रम सावकाश फिरतो, कोरडे लिटर जाळीतून गळून पुन्हा वापरासाठी राहते आणि लघवीचे घट्ट झालेले गोळे व विष्ठा खालच्या ड्रॉवरमध्ये पडतात. खरेदी, जोडणी आणि ॲपवरील नोंदणी यांबद्दल लिहावे असे काही घडले नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की अशी बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात, त्यामुळे राउटरची दोन नावे दिसत असतील तर त्यांतील ते नाव निवडावे.

खोट्या इशाऱ्यांविषयी बोलण्यापूर्वी इशारा देते कोण, हे कळले पाहिजे. आमच्या यंत्रात तळाशी, पायांजवळ, वजन मोजणारे लोड सेल आहेत. ड्रमच्या तोंडाशी इन्फ्रारेड किरणांवर चालणारा सेन्सर आहे. ड्रॉवर भरला की नाही हे पाहणारी इन्फ्रारेड सेन्सरचीच एक जोडी आहे. आणि ड्रम फिरून नेमका कोठे आला हे चुंबकाच्या साहाय्याने ओळखणारा हॉल सेन्सर आहे. यांपैकी कोणालाही शंका आली की यंत्र थांबते, आणि ते थांबलेच पाहिजे, कारण आत मांजर असताना ड्रम फिरला तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच सेन्सरवर चिकटपट्टी लावून इशारा गप्प करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि ऐकू नये.

पहिले दोन इशारे लवकर मिटले. अर्धा रिकामा असलेला ड्रॉवर ‘भरला’ असे ॲप सांगू लागले, तेव्हा दुकानातून आणलेली कचऱ्याची साधी पिशवी ड्रॉवरमध्ये सैल बसून फुगत होती आणि तिची घडी सेन्सरच्या काचेसमोर येत होती. पिशवी कडेने ताणून दाबून बसवली आणि काचेवरची धूळ कोरड्या कापसाच्या काडीने पुसली, तेवढ्याने तो इशारा गेला. दुसरा इशारा वजनाचा होता. ठमीचे वजन सकाळी एक आणि रात्री भलतेच दिसे, आणि ड्रम रिकामा असताना यंत्राला आत कोणीतरी असल्याचा भास होई. आपल्याकडील गॅलऱ्यांना पाणी निघून जावे म्हणून ढाळ दिलेला असतो. त्या ढाळावर यंत्राचा एक पाय किंचित अधांतरी राहत होता, आणि लोड सेलवर भार असमान पडला की वजनाचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. सुताराकडून जाड प्लायवूडची फळी कापून घेतली, तिच्याखाली पाचरी देऊन ती स्पिरिट लेव्हलने समतल केली आणि यंत्र तिच्यावर ठेवले. पाचरी फळीखालीच द्याव्यात, यंत्राच्या पायाखाली देऊ नयेत. यंत्र भिंतीला टेकलेले नसावे आणि त्याच्याखाली पायपुसणे किंवा सतरंजीही नसावी, कारण दोन्हींमुळे थोडे वजन दुसरीकडे जाते. यानंतर ॲपमधून वजन पुन्हा शून्यावर आणावे लागते. ते लिटर भरलेले असताना आणि मांजर आत नसतानाच करायचे असते.

तिसरा इशारा दिवाळीच्या सुमारास सुरू झाला आणि तो मात्र मिटता मिटेना. सायंकाळ झाली की ॲपवर ‘मांजर आत आहे, सफाई थांबवली’ अशी सूचना येई. प्रत्यक्षात ठमी सोफ्यावर झोपलेली असे आणि गब्बू स्वयंपाकघरात ओट्याखाली बसलेला असे. सफाई थांबली की ड्रममधील घाण तशीच राही, आणि घाण असलेल्या लिटरमध्ये पाय न टाकण्याचा गब्बूचा बाणा असल्यामुळे त्याने दाराजवळच्या पायपुसण्याचा पर्याय शोधून काढला. ज्या कामासाठी एवढे पैसे मोजले, ते काम मी रोज संध्याकाळी हातात खुरपे घेऊन करू लागले.

ग्राहक सेवा केंद्राची वेळ सकाळी दहा ते दुपारी साडेचार, आणि इशारा यायचा तो पावणेपाचनंतर. त्यांची अट अशी, की पेटलेला इशारा आणि रिकामा ड्रम दोन्ही एकाच चौकटीत दिसतील असा व्हिडिओ कॉल त्यांच्या कामकाजाच्या वेळेत केला पाहिजे. मी संध्याकाळी चित्रित केलेला व्हिडिओ पाठवला, तर तो थेट कॉल नसल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही असे उत्तर आले. सकाळी अकरा वाजता कॉल केला, तेव्हा यंत्र अर्थातच शहाण्यासारखे फिरले आणि ‘यंत्र सुस्थितीत आहे’ अशी नोंद झाली. तक्रारीच्या अर्जात इशाऱ्याचा सांकेतिक क्रमांक भरणे सक्तीचे होते. ॲप मात्र क्रमांक दाखवत नव्हते, नुसते वाक्य दाखवत होते, आणि ‘क्रमांक दिसत नाही’ असा पर्याय अर्जात नव्हता. ठरावीक मुदतीत ग्राहकाचे उत्तर न आल्यास तक्रार आपोआप बंद होई. त्यांचे प्रश्न नेमके शनिवारी रात्री येत. नवी तक्रार नोंदवली की नवा माणूस बोले आणि पहिला प्रश्न तोच विचारी: ‘मॅडम, यंत्र बंद करून सुरू केले का?’

सर्वांत संतापजनक गोष्ट पुढेच आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी संध्याकाळी यंत्र बंद केले, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे तासभर थांबले आणि पुन्हा सुरू केले, तेव्हा इशारा खरोखरच गेला होता. ‘पुन्हा सुरू केल्याने समस्या सुटली’ अशी नोंद त्यांनी समाधानाने केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इशारा पुन्हा हजर होता. त्या तासाभरात बदलले काय, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नाही.

पुढे यंत्र मुंबईच्या त्यांच्या केंद्रात पाठवण्याचा प्रस्ताव आला. मूळ खोक्यात बांधून आणि वाहतुकीचा खर्च माझा. तेथे एखाद्या बंद खोलीत, ट्यूबलाइटखाली ते तपासले गेले असते आणि निर्दोष ठरून परत आले असते, याची मला आता खात्री आहे. तेव्हाही शंका होतीच, म्हणून मी ते पाठवले नाही.

त्याऐवजी मी ॲपमधील नोंदी एका वहीत उतरवून काढल्या. खोटे इशारे पावणेपाच ते सूर्यास्त या पट्ट्यातच येत होते, आणि मधल्या काही दिवशी ते मुळीच आले नव्हते. ते दिवस अवकाळीचे होते, आभाळ भरून आले होते आणि पाऊसही पडला होता. जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारे ते दिवस आमच्या लिटर बॉक्सला मात्र निवांत गेले होते. हे कळल्यावर मी संध्याकाळी खुर्ची टाकून गॅलरीतच बसले. वरच्या मजल्याच्या स्लॅबखालून ऊन आत आले, फरशीवरून सरकत फळीवर चढले, ड्रमच्या तोंडावर पडले आणि लगेच फोन वाजला.

सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडतो आणि परत येणाऱ्या किरणांवरून समोर कोणी आहे का हे ठरवतो. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड किरण असतात आणि तेही मुबलक. थेट ऊन पडले की त्या झोतात सेन्सरला स्वतःचा किरण वेगळा ओळखता येत नाही, आणि शंका आली की थांबायचे या नियमानुसार यंत्र थांबते. पावसाळ्यात हे का झाले नाही, याचेही उत्तर सरळ आहे. ढग तर होतेच. शिवाय सप्टेंबरमधील विषुवदिनानंतर सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे हिवाळ्यात तो नैर्ऋत्येकडे मावळतो, आणि आमच्या गॅलरीची नेमकी तीच बाजू उघडी आहे. वायव्येला समोरची इमारत आहे आणि उन्हाळ्यात मावळतीचे ऊन ती अडवते.

आमच्या मजल्यावर राहणारा एक तरुण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात काम करतो. त्याला हे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, “काकू, आमच्याकडे संध्याकाळी शटर उघडं राहिलं की लाइनवरचा फोटो सेन्सर असाच वेडा होतो. पुठ्ठा धरून बघा.” दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर खोक्याचा पुठ्ठा आडवा धरला. सावली पडताच इशारा गेला, पुठ्ठा काढला की आला, पुन्हा धरला की गेला.

हा सगळा प्रकार चित्रित करून, वेळांच्या नोंदींसह, मी कंपनीला पाठवला. त्यावर उत्तर आले, की ‘यंत्र थेट सूर्यप्रकाशात ठेवू नये’ अशी सूचना माहितीपुस्तिकेत दिलेली आहे. सूचना आहे खरी. ओलावा, उष्णता आणि प्लास्टिकचा रंग उडणे यांच्या रांगेत, बारीक अक्षरांत आणि कारणाशिवाय. ती जर इतकी महत्त्वाची होती, तर पहिल्याच फोनवर ‘यंत्रावर ऊन येते का?’ एवढे विचारायला त्यांना कोणाची आडकाठी होती, असे मी त्यांना लेखी विचारले. त्याला उत्तर आलेले नाही. निदान मी स्वतः केले आणि ते त्यांच्या संपूर्ण विभागाला जमले नव्हते, याचा मला थोडा अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही.

उपाय साधा निघाला. यंत्राचे तोंड आतल्या भिंतीकडे वळवले आणि गॅलरीला बांबूच्या काड्यांचा पडदा लावला. नुसता पडदा पुरला नाही, कारण काड्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे येतच होते. यंत्र एकदम फिरवले तर मांजरे बिथरतात, म्हणून ते दररोज थोडे थोडे वळवावे, आणि हलवल्यावर लेव्हल पुन्हा पाहून वजन शून्यावर आणावे.

आता आठवते तसे सांगते. इन्फ्रारेड दिवा चालू आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, परंतु मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यातून, बऱ्याचदा तो जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. टीव्हीचा रिमोट आपण असाच तपासतो. सेन्सरच्या काचेवर सुगंधी फवारे मारू नयेत, त्यांचा थर बसतो. स्वस्त बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) लिटरची भुकटी फार उडते आणि काच लवकर धुरकट करते, त्यामुळे कमी धुळीचे लिटर महाग पडले तरी परवडते. लिटर ड्रममधील खुणेच्या वर भरू नये. ड्रम अर्धवट फिरून अडल्याचा इशारा येत असेल, तर ड्रम काढून चुंबकाच्या जागेवर लिटर चिकटले आहे का ते पाहावे. तापमान बदलले की लोड सेलचे आकडे थोडे सरकतात, म्हणून नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत एकदा वजन पुन्हा शून्यावर आणणे बरे. पिल्लू साधारण दीड किलोचे होईपर्यंत त्याला स्वयंचलित सफाईच्या भरवशावर सोडू नये, कारण इतके कमी वजन सेन्सरला नीट कळेलच असे नाही. आपली पुस्तिका जो आकडा सांगते तो पाळावा आणि तोपर्यंत सफाई स्वतः बटण दाबून करावी.

‘मांजर वारंवार जात आहे’ या इशाऱ्याला मात्र सरसकट खोटा समजू नये. आधी मांजराकडे पाहावे. बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो आणि त्यात प्राणाला धोका असतो. अशा वेळी यंत्राचे नंतर पाहावे आणि त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे.

वीज जाऊन आल्यावर आमचे यंत्र त्या क्षणी जे वजन असेल तेच रिकाम्या ड्रमचे वजन समजते. नेमके तेव्हा मांजर आत बसलेले असेल, तर पुढचे सगळे आकडे चुकतात. आम्ही आता यंत्राचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आहे.