चक्कर शिकवताना

आज दुपारी कान-नाक-घसा शाखेत एम.एस. ही पदव्युत्तर पदवी करणाऱ्या निवासी डॉक्टरांना केवळ चक्कर याच तक्रारीविषयी शिकवले. ब्रिटनमध्ये श्रवण आणि तोल यांचे वैद्यक ही स्वतंत्र विशेषज्ञता आहे. आपल्याकडे मात्र हा विषय कान-नाक-घसा शाखेच्या ३ वर्षांत सामावला जातो आणि शस्त्रक्रियांच्या धबडग्यात मागे पडतो, याची मला मनापासून खंत वाटते.

कूस बदलली की गरगरते, असे सांगणाऱ्या एका आजींची डिक्स-हॉलपाइक चाचणी केली. मान उजवीकडे ४५ अंश वळवून त्यांना झटकन मागे निजवले, काही क्षण काहीच घडले नाही आणि मग त्यांची बुबुळे गोल फिरत वरच्या दिशेने झटके देऊ लागली. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांची ही खूण आमच्या विद्यार्थिनीने प्रथमच प्रत्यक्ष पाहिली, आणि अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञ जॉन एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने आजींचे डोके टप्प्याटप्प्याने वळवून उपचारही तिनेच केला. अशा रुग्णांना, दोष मानेचा समजून, मानेचा पट्टा देऊन घरी पाठवलेले मी पुष्कळदा पाहिले आहे.

अचानक सुरू होऊन तासन्‌तास टिकणारी चक्कर निराळी. तिथे पक्षाघाताची शक्यता आधी तपासावी लागते. पुढच्या सत्रात तेच शिकवणार आहे.