आमची वाटचाल: 6 व्होल्टपासून लिथियमपर्यंत

कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या; त्यांचं इलेक्ट्रिकचं काम आम्ही करतो. आमचं पहिलं काम म्हणजे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीची फोक्सवॅगन कॅम्पर. 6 व्होल्टची. हेडलाइट नुसते मिणमिणायचे आणि मालकाला गाडीत फ्रिज हवा होता! आम्ही दोघे भागीदार, हौसेने ‘करून देतो’ म्हणून बसलो. मग कळलं की गाडी 12 व्होल्टवर आणायची तर नुसती बॅटरी बदलून भागत नाही. डायनॅमो, रेग्युलेटर, फ्लॅशर, वायपरची मोटर, झाडून सगळे बल्ब. मूळ वायरिंग मात्र बरंचसं वाचलं. तेवढ्याच वॅटसाठी 6 व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरी जाडच घातलेल्या. तांब्यात कुणी हात आखडला नव्हता.

पुढे कामं येत गेली आणि आम्ही जरा शेफारलो. एकाने 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणून दिली. आम्ही ती जुन्याच रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जोडली. लिथियमचा अंतर्गत रोध अगदी कमी, मिळेल तेवढा करंट ती ओढते. त्यात इंजिन मंद फिरत असलं की अल्टरनेटरला थंड ठेवणारा पंखाही मंद. सहलीच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला: जळका वास येतोय. अल्टरनेटर आम्ही पदरचे पैसे घालून बदलला. तेव्हापासून मध्ये डीसी-डीसी चार्जर घातल्याशिवाय लिथियम बसवत नाही. तो ठरवून दिलेल्या अँपिअरच्या वर ओढूच देत नाही.

खरं सांगायचं तर बॅटरी आणि सोलर हा या धंद्याचा दिखाऊ भाग. आमचे निम्मे दिवस बिघडलेला ‘अर्थ’ (बॅटरीची निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनला जोडणारी जोडणी) शोधण्यात जातात. ‘बॅटरी टिकत नाही’ म्हणून आलेल्या गाडीला आधी सेल्फ मारायला लावतो आणि बॅटरीची निगेटिव्ह व इंजिन यांच्यात मल्टिमीटर धरतो. अर्धा व्होल्ट दिसला, तर अर्थची पट्टी सोडवायची. बहुतेक वेळा तिच्याखाली गंज असतो, नाहीतर कुणीतरी हौसेने मारलेला रंग.

फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेलाही पाहिलाय. फ्यूज फ्रिजसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळच हवा, हे आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं.

ती पहिली कॅम्पर अजून येते. फ्रिज चालतो. रेडिओ मात्र मालकाने बदलू दिला नाही, म्हणून त्या एकट्यासाठी डॅशबोर्डमागे 12 चे 6 व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर बसवलाय.