व्हॅन गॉग आडनावाची माणसं अजून आहेत का?

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुण्यांचे काही ठरलेले प्रश्न येतात. मला त्यात एक जास्तीचा येतो, कारण आडनावांचा मला नाद आहे हे ओळखीपाळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. ॲमस्टरडॅमचं चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं संग्रहालय बघून बाहेर पडलं की कोणीतरी विचारतंच, “या व्हॅन गॉग आडनावाची माणसं इथे अजून आहेत का हो? की त्याच्याबरोबरच संपलं ते?”

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. आहेत, पण फार थोडी. जगभर चहाच्या कपांवर आणि छत्र्यांवर दिसणारं हे नाव खुद्द त्याच्या देशात दाराच्या पाटीवर क्वचितच दिसतं. ते दुर्मीळ का राहिलं याची हकिगत मला त्याच्या प्रसिद्धीइतकीच मोलाची वाटते.

आधी नाव आलं कुठून ते बघू. ‘व्हॅन’ म्हणजे अमुक गावचा, आपला ‘कर’च. गाव आहे गोख. ते आज जर्मनीत आहे, नीर्स नदीच्या काठी, डच सरहद्दीवरून सायकलने जाता येईल इतकं जवळ. मग घराणं मूळचं जर्मन का, असा पुढचा प्रश्न लगेच येतो. पण ही सरहद्द अलीकडची. मध्ययुगात गोख गेल्डर्सच्या ड्यूकच्या ताब्यात होतं, आणि त्या राज्याचा मोठा भाग आज नेदरलँड्समध्ये आहे. १४७३ मध्ये ते शेजारच्या क्लेव्हच्या राज्याकडे गेलं. तिथल्या लोकांची बोली डचला अगदी जवळची होती. गोखहून आजच्या नेदरलँड्समधल्या नायमेगनला जाणाऱ्या माणसाला आपण परदेशी चाललो असं वाटायचं काहीच कारण नव्हतं.

गावावरून पडलेलं आडनाव बहुतेक वेळा गाव सोडल्यावर चिकटतं. गोखमध्ये राहणाऱ्या प्रत्येकालाच ‘गोखचा’ म्हणून ओळख काय पटणार? दुसऱ्या गावी गेला की ती ओळख कामाची. शिवाय गोख सोडून एकच कुटुंब निघालं असं थोडंच आहे? पंधराव्या शतकातला एक धर्मशास्त्रज्ञ योहानेस फॉन गोख म्हणूनच ओळखला जातो. त्याचं खरं आडनाव पुपर. म्हणजे हे नाव वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या वेळी पडलेलं आहे, आणि ते लावणारे सगळे एका रक्ताचे मानता येत नाहीत.

‘व्हॅन’मुळे आणखी एक गैरसमज होतो. जर्मन ‘फॉन’ बऱ्याचदा सरदारकीची खूण असतो, म्हणून लोकांना ‘व्हॅन’ही खानदानी वाटतो. तसं काही नाही. संगीतकार लुडविग व्हॅन बेथोव्हेनला हे कोर्टात ऐकावं लागलं. त्याचे आजोबा मेखेलेनचे, म्हणजे आजच्या बेल्जियममधले. पुतण्याच्या ताब्याचा त्याचा खटला व्हिएन्नात उमरावांच्या कोर्टात चालू होता. १८१८ मध्ये तिथे उघड झालं की त्याचा ‘व्हॅन’ सरदारकीचा नाही, आणि खटला साध्या लोकांच्या कोर्टाकडे पाठवण्यात आला. त्याला ते फार लागलं. डच माणसाचा ‘व्हॅन’ कोणत्याही गावचा, बांधाजवळचा, टेकडीवरचा असतो. व्हॅन डाइक म्हणजे बांधाजवळचा, व्हॅन डेन बर्ख म्हणजे टेकडीवरचा.

नेपोलियनचं नावही या गप्पांत हमखास निघतं. डच लोकांना आडनावं नव्हती, नेपोलियनने ती घ्यायला लावली, आणि फ्रेंचांची फजिती करायला लोकांनी विचित्र नावं नोंदवली, अशी ही गोष्ट. नाक्तखेबोरेन, म्हणजे ‘नागवा जन्मलेला’, हे त्यातलं लाडकं उदाहरण. गोष्ट खुसखुशीत आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. ज्यांना आडनाव नाही त्यांनी ते घ्यावं असा हुकूम १८ ऑगस्ट १८११ ला निघाला हे खरं, पण बहुसंख्य लोकांची आडनावं त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली होती. नाक्तखेबोरेनही त्यातलंच. बाप वारल्यावर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाचा तो बिघडलेला उच्चार आहे असं अभ्यासक सांगतात. ज्या नावाला दोनशे वर्षं लोक हसत आले, त्याच्या मुळाशी एक पोरकं मूल आहे.

व्हॅन गॉग तर नेपोलियनच्या फार आधीचे. चित्रकाराचा भाऊ थिओ, त्याची बायको जो हिने घराण्याची जी हकिगत लिहून ठेवली, तिच्यात सोळाव्या शतकातला उट्रेख्टचा याकोब व्हॅन गॉग येतो. घरांना नंबर नव्हते, चिन्हं असत. याकोब नगरसभेच्या मागे ‘घुबड’ नावाच्या घरात राहत असे. याकोबचा मुलगा यान जवसाच्या बाजाराजवळ ‘बायबल’ नावाच्या घरात वाइन आणि पुस्तकं विकत असे. एकाच दुकानात वाइन आणि पुस्तकं! पुढे सतराव्या शतकात एक मिशेल व्हॅन गॉग भेटतो, झीलँड प्रांताचा खजिनदार. १६६० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचं स्वागत करायला गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. मग घराण्याची एक शाखा हेगला स्थिरावते आणि पिढ्यान्‌पिढ्या सोन्याची तार ओढण्याचा धंदा करते. त्यानंतर धर्मोपदेशक, चित्रांचे व्यापारी, एक आरमारी अधिकारी. चित्रकार मात्र मला या यादीत फारसे सापडत नाहीत.

आता आजचा आकडा. डच आडनावांचा हिशेब ॲमस्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटने गोळा केला. १९४७ ची जनगणना आणि २००७ ची लोकसंख्या-नोंद असे दोन मुक्काम त्यात आहेत, आणि तो आज इंटरनेटवर कोणालाही बघता येतो. नाव टाका, किती जण आणि कोणत्या नगरपालिकेत हे नकाशावर उमटतं. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर नेमका आकडा दाखवत नाहीत, कोणाची ओळख उघडी पडू नये म्हणून. मला ही काळजी फार आवडते. तीन लाखांहून जास्त आडनावं आहेत त्यात, इतक्याशा देशात.

सगळ्यात वर डे यॉन्ग, २००७ मध्ये ८३,९३७ माणसं. मग यान्सेन ७३,५३८ आणि डे फ्रीस ७१,०९९. व्हॅन गॉग हजाराच्या घरातही जात नाही. डे यॉन्ग म्हणजे ‘धाकटा’. गावोगावी बाप आणि मुलगा, थोरला आणि धाकटा असतातच, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी आपोआप उगवलं. यानचा मुलगा यान्सेन, त्यालाही कुठल्या एका मुळाची गरज नाही. गोख मात्र एकच, आणि तेही लहान. तिथून बाहेर पडणारे किती असणार! त्यात नाव लिहिणाऱ्या कारकुनांनी कानाला लागेल तसं लिहिलं, कुठे शेवटी ‘एच’, कुठे ‘सी’ घालून, कुठे नुसता ‘जी’. नागरी नोंदणी सुरू झाल्यावर ज्याच्या कागदावर जे होतं ते कायमचं झालं. म्हणून आज व्हॅन गॉगच्या शेजारी व्हॅन गोग आणि व्हॅन गोख ही वेगळी आडनावं मोजली जातात. मुळात थोडे, त्यात तीन वाटे झाले.

तिसरं कारण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. आडनाव बापाकडून मुलाकडे जात राहिलं तरच टिकतं, आणि हा धागा दिसतो त्यापेक्षा फार नाजूक असतो. चित्रकाराचे आजोबा, त्यांचंही नाव व्हिन्सेंटच, ब्रेडाला धर्मोपदेशक होते. त्यांना सहा मुलगे. इतक्या भरल्या घराचं नाव संपेल असं कोणाला वाटलं असेल? त्यांतले सेंट काका चित्रांचे मोठे व्यापारी, पण निपुत्रिक. ते आपल्या चित्रकाराचे काकाही होते आणि मावशीचे यजमानही, कारण दोघा भावांनी दोघी बहिणींशी लग्नं केली होती.

दुसरे भाऊ थिओडोरस, म्हणजे चित्रकाराचे वडील, झुंडर्टचे धर्मोपदेशक. ३० मार्च १८५२ ला त्यांचा पहिला मुलगा मृत जन्मला. त्याचं नाव व्हिन्सेंट. बरोबर एका वर्षाने, ३० मार्च १८५३ ला, दुसरा व्हिन्सेंट जन्मला, तो आपला. त्यानंतर अँना, थिओ, एलिझाबेथ, विलमीन आणि कोर. पुढे नाव चालवायला तीन भाऊ उरले. व्हिन्सेंटने लग्न केलं नाही, २९ जुलै १८९० ला तो गेला. सहा महिन्यांच्या आत, २५ जानेवारी १८९१ ला थिओ गेला. कोर दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाच्या दिवसांत १९०० मध्ये वारला, त्याला मूल नव्हतं. उरलं कोण? थिओचा मुलगा. ३१ जानेवारी १८९० चा जन्म, बाप गेला तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता. काकाच्या नावावरून त्याचं नाव व्हिन्सेंट विलेम ठेवलं होतं. त्याच्या जन्माची बातमी कळल्यावर काकाने फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात निळ्या आकाशावर बदामाचा मोहोर रंगवला. झुंडर्टच्या त्या घराचं आडनाव त्या एका तान्ह्या मुलावर टेकलेलं होतं.

हे नाव जगाला ठाऊक करून दिलं ते मात्र त्या घरात जन्मलेल्या कोणी नव्हे. जो, माहेरची बोंगर, दोन वर्षांचाही संसार झाला नव्हता, पदरात मूल आणि घरात दिराची न विकलेली चित्रं. ती बुसुमला गेली, राहण्याजेवण्याची सोय करून देणारं घर चालवलं, आणि चित्रं टिकवली. १९०५ मध्ये ॲमस्टरडॅमला मोठं प्रदर्शन भरवलं, १९१४ मध्ये पत्रं प्रसिद्ध केली. त्याच वर्षी थिओच्या अस्थी फ्रान्समधल्या ओव्हेरला नेऊन भावाशेजारी पुरल्या. डच रीतीने लग्नानंतर आधी नवऱ्याचं आणि मग माहेरचं आडनाव लिहितात, म्हणून ती व्हॅन गॉग-बोंगर. या आडनावावर तिचा हक्क सगळ्यांत मोठा आहे असं मी मानते, आणि संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मुलगा अभियंता झाला. चित्रकाराशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला ‘अभियंता’ असंच म्हणत. १९६२ मध्ये चित्रं सरकारच्या मदतीने कुटुंबाच्या न्यासाकडे गेली, १९७३ मध्ये संग्रहालय उघडलं. १९७८ मध्ये तो वारला. त्याच्या थोरल्या मुलाला, थिओला, १९४५ च्या मार्चमध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. अभियंत्याचा नातू, तोही थिओ, सिनेदिग्दर्शक, याचा २ नोव्हेंबर २००४ ला ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर खून झाला. एवढं सोसूनही वंश चालू आहे.

चित्रकाराला स्वतःला आडनावाचं प्रेम होतं का? मार्च १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लहून त्याने थिओला कळवलं की प्रदर्शनाच्या यादीत माझं नाव चित्रावर सही असते तसं, नुसतं व्हिन्सेंट, छापा, कारण इथल्या लोकांना व्हॅन गॉग उच्चारता येणार नाही. लंडनच्या सूर्यफुलांत फुलदाणीवरच ‘व्हिन्सेंट’ लिहिलेलं आहे, निळ्या अक्षरांत. उच्चार खरोखर अवघड. इंग्रज ‘गॉफ’ म्हणतात, अमेरिकन ‘गो’, आणि डच तोंडात ते ‘फान खोख’च्या आसपास येतं, दोन्ही ‘ख’ घशातून घासत आलेले. त्याच्या ब्राबांट प्रांतात हा आवाज मऊ निघतो, उत्तरेतल्यासारखा खरखरीत नाही. मराठी जिभेला तो सवयीने जमतो, मी पाहुण्यांकडून म्हणवून घेते.

आकडा पुढे वाढेल का, असंही कोणी विचारतं. प्रसिद्ध आहे म्हणून हे आडनाव कोणी उचलून लावू शकत नाही. इथे आडनाव बदलायला राजाचा हुकूम लागतो आणि कारण भक्कम असावं लागतं. पण कायदा आता आईकडेही वळला आहे. १९९८ पासून आईबापांना मुलासाठी दोघांपैकी कोणाचंही आडनाव निवडता येतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून दोन्ही आडनावं जोडूनही देता येतात. दुर्मीळ आडनावाच्या घरात मुलीच असल्या तर पूर्वी ते तिथेच थांबायचं. आता थांबायलाच हवं असं नाही. डच आईबापांनी ही सोय मनापासून वापरावी असं मला वाटतं.

तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर डच यादीत ‘व्ही’खाली बघू नका. इथे ‘व्हॅन’ बाजूला ठेवून मूळ नावावर क्रम लावतात, त्यामुळे हे घराणं ‘जी’मध्ये सापडतं. बेल्जियममध्ये नेमकं उलट, तिथे ‘व्ही’मध्येच. तिन्ही लेखनपद्धती घालून बघा. आणि एखाद्या पाटीवर ते नाव दिसलंच, तर चित्रकाराचे कोण लागता हे पहिल्याच वाक्यात विचारू नका. आधी आपलं नाव सांगा.