झाडं उपटणारं जंगल

गेल्या शनिवारी माझ्या आठ वर्षांच्या लेकाने जंगलात जाऊन बर्चची सत्तावीस रोपं मुळासकट उपटली. त्याबद्दल त्याला दोन बिस्किटं आणि भरपूर शाबासकी मिळाली.

मी शिकले ते याच्या बरोब्बर उलटं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या शाळेत दर जुलैला 'झाडे लावा, झाडे जगवा' ओरडत फेरी निघायची, मग माळावर खड्डे खणायचे, मग रोपं. माझे वडील, अण्णा, त्याच शाळेत मास्तर, त्यामुळे माझं रोप वाकडं लागलं तर ते घरीही ऐकून घ्यावं लागायचं. त्यातली निम्मी मेपर्यंत वाळून जायची आणि जुलैत त्याच खड्ड्यांत नवी यायची.

ही रोपं उपटली ते अ‍ॅशडाउन फॉरेस्ट आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, इंग्लंडात ससेक्समध्ये. पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्यात आंबोली होती. गाडीतून उतरले तर समोर माळ! हेदरची गुडघाभर तपकिरी झुडपं, वाळलेला नेचा, काटेरी गॉर्सची झुडपं, लांब टेकाडावर पाइनचा एखादा पुंजका. नवरा म्हणाला, "एवढं पेट्रोल जाळून नान्नजलाच आलो की." नंतर कळलं की इथे 'फॉरेस्ट' म्हणजे मुळात झाडी नव्हेच, ती राजाच्या शिकारीची राखीव जागा. हरणं आत राहावीत म्हणून भोवती 23 मैलांचं कुंपण होतं आणि त्याला लहानमोठी 34 दारं. कुंपण कधीच गेलं, पण चेलवूड गेट, कोलमन्स हॅच ही गावांची नावं अजून दारं धरून उभी आहेत.

तर ती रोपं. हिवाळ्यात इथे स्वयंसेवक जमतात, बहुतेक सगळे पेन्शनर. मुलगा म्हणाला, आपणही जाऊ. मला वाटलं वृक्षारोपण असेल! हातात मोजे आणि छोटी करवत पडली तेव्हा मी चक्क विचारलं, लावायची रोपं कुठायत? सत्तरीच्या बाई हसल्या. मला मात्र हसू येईना. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राचा सख्खा भाऊबंद, त्याची वीतभर रोपं, बोटाएवढी खोडं, चमकदार साल. पहिलं रोप धरलं आणि हात जड झाला. मागे अण्णा उभे आहेत असंच वाटत होतं. बाईंनी खाली वाकून दाखवलं: बुंध्याशी घट्ट धरायचं, जरा पिळायचं, मग ओढायचं. नुसतं तोडलं तर खालून चार फुटतात. माती काळपट, वाळूसारखी, मुळं सुळकन निघतात. तासाभराने मीही शेतातलं तण काढावं तशी सरसर काढत होते आणि त्याचाच मला राग येत होता.

कारण विचारलं तर उत्तर साधं निघालं. हा माळ निसर्गाने तसाच ठेवलेला नाही, माणसांनी आणि गुरांनी राखलाय. शतकानुशतकं लोकांनी इथली झाडं तोडली, गुरं चारली, गोठ्यात अंथरायला नेचा आणि हेदर कापून नेलं. 1496मध्ये जवळच न्यूब्रिजला लोखंडाची झोतभट्टी सुरू झाली, तिच्या कोळशालाही लाकूड लागलंच. मग विसाव्या शतकात गुरं कमी झाली आणि बर्च घुसला. तो वाढू दिला तर काही वर्षांत माळ संपेल आणि त्याबरोबर जमिनीवर अंडी घालणारा रातवा पक्षीही. तो उन्हाळ्यात आफ्रिकेतून येतो, म्हणून उपटाउपटी त्याच्या आधी उरकायची. आता काळ्या हेब्रिडियन मेंढ्या आणि एक्समूरची तट्टंही चरायला सोडतात. म्हणजे धनगर जे फुकटात करतो, त्याची इथे योजना आखावी लागते.

या लोकांचं मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. 1877मध्ये इथल्या जमीनदाराच्या राखणदाराने एका माणसाला नेचा कापताना अडवलं. खटला उभा राहिला. एका वकिलाने गावोगाव फिरून शंभरावर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या: कोण, कुठे, कधीपासून कापतो, बाप कापायचा का, आजा कापायचा का. खालच्या कोर्टात लोक हरले, 1881मध्ये अपिलात जिंकले, आणि 1885च्या कायद्याने माळ सांभाळायला मंडळ नेमलं गेलं. आमच्या गायरानासाठी कुणी असं म्हाताऱ्यांना विचारत फिरलं असतं तर!

पण इथेच माझं डोकंही फिरतं. सातबाऱ्यावर आमचा माळ पोटखराबा. 'पडीक' हा शिक्का मारणारे इंग्रज साहेब यांचेच, आणि स्वतःचा पडीक माळ मात्र हे मोजे घालून राखणार. हां, साहेब जाऊन पंचाहत्तर वर्षं उलटली, त्यानंतरचे खड्डे आम्हीच खणले, तेही खरं. नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला उघडं गवत लागतं, झाडी नको असते, आणि आम्ही पोरं बाजूच्याच माळावर गिरिपुष्प लावत होतो. माळढोक मी एकदाही पाहिला नाही. गेल्या खेपेला बघायला जायचं ठरवलं होतं, पण सुट्टी पंधरा दिवसांची, त्यात दोन लग्नं.

दुपारी ऊन पडलं आणि गॉर्सच्या पिवळ्या फुलांना वास सुटला, अगदी ओल्या खोबऱ्याचा. मी काट्यांत नाक खुपसून उभी होते. कुणी बघत असेल तर असो.

रात्री अण्णांना फोन केला. आधी गप्पच झाले. मग म्हणाले, "आम्ही लावली ती चुकलं, असं म्हणायचंय का तुला?" मी म्हटलं, "नाही हो अण्णा, तुम्हाला वरून आदेश होता." ते म्हणाले, "आदेश होता. पण मलाही पटलेलं होतं की ते." पुन्हा थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मग विचारलं, "उपटलेल्याचं काय करतात?"

"ढीग घालून तिथंच जाळतात."

"मग भाकरी तरी थापायची होतीस त्यावर. बिस्किटं कसली खाताय."