तुम्ही विचारलंत म्हणून: त्या वह्यांत असतं तरी काय?

पुण्याहून मावशीचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला: "त्या अमेरिकन शिपायांच्या जुन्या वह्यांत तू एवढं वाचतेस तरी काय? लढायाच ना?" इथे न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यक्रमातही कुणी ना कुणी हेच विचारतं. जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

लढाया अगदी थोड्या असतात. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आठ वर्षं चाललं आणि त्यातले बहुतेक दिवस शिपाई लढत नव्हता. तो चालत होता, खंदक खणत होता, आजारी होता, नाहीतर शिध्याची वाट बघत होता. वह्यांत उतरलंय ते हे सगळं.

या वह्या दोन जातींच्या. एक ऑर्डर्ली बुक, म्हणजे हुकूमवही. मुख्यालयातून रोज हुकूम निघायचे, ते ब्रिगेडकडे, तिथून रेजिमेंटकडे जायचे आणि शेवटी कंपनीचा सार्जंट वाचून दाखवलेलं आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. वर ठिकाण, तारीख आणि त्या दिवसाचे परवलीचे दोन शब्द. ४ जुलै १७७५ ला बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या छावणीत ते होते ॲबिंग्टन आणि बेडफर्ड. लिहिणारा कानावर पडेल तसं लिहायचा, त्यामुळे स्पेलिंग ज्याचं त्याचं. सुरुवातीला मी ओळीओळीला अडायची. मग मोठ्यानं वाचायला लागले आणि शब्द सुटायला लागले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी शेतकऱ्याच्या पोराचा उच्चार माझ्या तोंडून बाहेर पडतो, तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो.

दुसरी जात म्हणजे डायरी, कुणी सांगितलं नसताना स्वतःसाठी लिहिलेली. या दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या, हे माझं ठाम मत आहे. एकटी हुकूमवही वाचली तर वाटतं सैन्य घड्याळासारखं चाललंय. एकटी डायरी वाचली तर वाटतं सैन्यच नाही, नुसती उपाशी माणसं आहेत.

एक उदाहरण देते. न्यूयॉर्कच्या छावणीतला ९ जुलै १७७६ चा हुकूम. सुरुवातीलाच शिक्षा, सैन्यातून पळून गेलेल्या शिपायांना: प्रत्येकी ३९ फटके. मग रेजिमेंटच्या पाद्र्यांचा पगार, महिना ३३ डॉलर आणि वर एक तृतीयांश. आणि पुढे असं, की आज संध्याकाळी सहा वाजता सगळ्या ब्रिगेडनी आपापल्या मैदानावर हजर राहायचं, काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधी सभेचा, जाहीरनामा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला जाईल. हा जाहीरनामा म्हणजेच स्वातंत्र्याचा जाहीरनामा. फटके, पगार आणि स्वातंत्र्य, तिन्ही एकाच हुकमात.

त्या रात्री न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन बागेतला इंग्लंडच्या राजा जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा जमावानं पाडला. दुसऱ्या दिवशीचा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचा हुकूम सांगतो की पाडणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण हा प्रकार दंग्यासारखा दिसतो, सैनिकांनी पुन्हा असलं काही करू नये. आता त्याच १० जुलैची डायरी उघडा, मॅसॅच्युसेट्सच्या आयझॅक बँग्ज नावाच्या लेफ्टनंटची. त्याला शिस्तीची काही पडलेली नाही. पुतळ्यात चार हजार पौंड शिसं होतं, राजा आणि घोडा दोघांवर सोन्याचा वर्ख होता, त्यातून दहा औंस सोनं काढायला एक माणूस तयार झालाय आणि शिशाच्या म्हणे बंदुकीच्या गोळ्या होणार! झाल्याही. कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी ते शिसं गेलं आणि तिथे ओतलेल्या गोळ्यांचा हिशेब ४२,०८८ असा नोंदलेला आहे.

हुकूमवह्यांनी मला आणखी एक शिकवलं. जो हुकूम पुन्हा पुन्हा निघतो, तो कुणी पाळत नसतं. वॉशिंग्टननं शिव्या देण्यावर बंदी घातली ती जुलै १७७५ मध्ये, सरसेनापती म्हणून आल्या आल्या. ऑगस्ट १७७६ मध्ये तो लिहितो की ही मूर्ख आणि दुष्ट सवय वाढत चालल्याचं कळून वाईट वाटलं. जुलै १७७९ मध्ये पुन्हा तेच: इतके स्पष्ट हुकूम काढले तरी शिव्या थांबत नाहीत. चार वर्षांची ती छावणी या तीन हुकमांत मला चक्क ऐकू येते.

व्हॅली फोर्ज, म्हणजे वॉशिंग्टनच्या सैन्याची पेनसिल्व्हेनियातली हिवाळी छावणी, तिथली पानं मात्र एका बैठकीत वाचवत नाहीत. डिसेंबर १७७७ चा हुकूम झोपड्यांची मापं देतो: चौदा फूट बाय सोळा फूट, एका झोपडीत बारा शिपाई, प्रत्येक रेजिमेंटमध्ये सर्वांत लवकर आणि नीट बांधणाऱ्या गटाला १२ डॉलर बक्षीस. त्याच दिवसांत आल्बिजन्स वॉल्डो हा कनेक्टिकटचा डॉक्टर डायरी लिहीत होता. पोरांनो, जेवायला काय आहे? फायर केक आणि पाणी, साहेब. रात्रीच्या जेवणाला काय? फायर केक आणि पाणी, साहेब. फायर केक म्हणजे पीठ पाण्यात कालवून विस्तवावर भाजलेला गोळा. डॉक्टर स्वतःही आजारी होता, धुरानं हैराण होता, आणि तरी लिहीत होता.

"पण आपला काय संबंध?" असंही विचारतात. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली, तोच इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी टिपूविरुद्ध हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या बरोबर श्रीरंगपट्टणला होता. एवढा संबंध आहे. पण खरं सांगू, तो नसता तरी मी वाचलं असतं.

कारण या कागदांतलं पुष्कळ गेलंय. नोव्हेंबर १८०० मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि सैन्याचं दफ्तर जळालं. पुढे १८१८ मध्ये गरजू शिपायाला महिना ८ डॉलर पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा म्हाताऱ्यांना कोर्टात उभं राहून आपली नोकरी आठवून सांगावी लागली. कुणी पुरावा म्हणून जपलेली डायरीच अर्जाला जोडली. पुढे विधवांनाही पेन्शन मिळायला लागली, तेव्हा लग्नाचा दाखला म्हणून घरच्या बायबलचं पान फाडून पाठवलेलं सापडतं. असे ८० हजारांवर अर्ज नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दफ्तरखान्यात, आहेत आणि २०२३ पासून ते हस्ताक्षर वाचून टाइप करायला स्वयंसेवक लागतात. रोज रात्री भांडी आवरली की तासभर मी ते काम करते.

अशा अर्जदारांतलाच एक जोसेफ प्लम मार्टिन. १७७६ मध्ये पंधरा वर्षांचा असताना तो सैन्यात गेला आणि मधले काही महिने सोडले तर युद्ध संपेपर्यंत राहिला. १८२० मध्ये पेन्शनसाठी प्रत्येकाला आपली सगळी मालमत्ता लिहून द्यावी लागली. मार्टिननं लिहिलं की अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे सोडले तर आपल्याकडे एवढंच आहे: दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर.